स्वतःच्या फोनवर ऑफिसचं काम: नवख्यांनी पहिल्या आठवड्यात काय करावं

नोकरीचा पहिला दिवस. जॉइनिंगचे कागद भरून होतात न होतात तोच आयटीचा मेल येतो: "कृपया खालील ॲप आपल्या मोबाईलवर टाकून लॉगिन करून घ्यावे." फोन तुमच्या पैशांचा. त्यात घरच्यांचे फोटो, बँकेचं ॲप, डॉक्टरांचे रिपोर्ट. तरी बहुतेक जण दोन मिनिटांत ॲप टाकतात, समोर येईल त्या प्रत्येक पाटीवर "मान्य" दाबतात आणि कामाला लागतात. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी प्रश्न विचारायला जीभ उचलत नाही, हे मला कळतं. तरीही विचारा, असंच मी सांगेन.

मी बरीच वर्षं आयटी सपोर्टमध्ये काढली. एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. एका सहकारी बाईंनी नोकरी सोडली. त्यांच्या फोनवर कंपनीचा मेल चालू होता. तो काढायचा म्हणून मी सर्व्हरवरून वाइपची, म्हणजे दुरूनच डेटा पुसण्याची, आज्ञा पाठवली. फक्त मेल जाईल अशी माझी समजूत. संध्याकाळी त्यांचा दुसऱ्याच नंबरवरून फोन आला. त्यांचा मोबाईल पार कोरा झाला होता, नवा फोन पहिल्यांदा चालू केल्यावर भाषा निवडायला सांगतो ना, ती पाटी दाखवत होता. वडिलांनी शेवटच्या आजारपणात पाठवलेले आवाजी निरोप त्यात होते. बॅकअप नव्हता. ते निरोप परत मिळाले नाहीत. कधीकाळी मेल जोडताना त्यांनी "सर्व डेटा पुसणे" ही परवानगी दिली होती. त्यांनी ती वाचली नव्हती आणि मी ती तपासली नव्हती.

त्या दिवसापासून नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. तुमच्या फोनमध्ये कंपनीला एक खोली द्या, अख्खं घर नको. त्या खोलीला वेगळं कुलूप असू द्या. आणि उद्या ती रिकामी करायची वेळ आली, तर बाकीच्या घरातली एक वस्तूही हलता कामा नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या ही खोली नीट बांधण्याच्याच आहेत.

पायरी १: आधी विचारा, मग बसवा

ॲप टाकण्याआधी आयटी किंवा एचआरला एक छोटा मेल पाठवा. तोंडी विचारलंत तर उत्तरही तोंडीच मिळतं आणि सहा महिन्यांनी ते कोणालाच आठवत नाही. मेल साधा असू द्या:

"नमस्कार. माझ्या वैयक्तिक मोबाईलवर ऑफिसचं ॲप बसवण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. हा फोन जोडणं सक्तीचं आहे का, की ऑफिसकडून वेगळा फोन मिळू शकतो? जोडणी कोणत्या पद्धतीने होणार: फक्त ॲपपुरती, वर्क प्रोफाइल, की संपूर्ण डिव्हाइसची? फोनमधलं काय काय कंपनीला दिसेल? वाइप करावं लागलं तर नेमकं काय पुसलं जाईल? फोन हरवल्यास कोणाला कळवायचं? वैयक्तिक उपकरणांबद्दलचं धोरण लेखी असल्यास कृपया पाठवावं."

यात कुठेही अविश्वास दाखवलेला नाही. उलट अशा मेलमुळे आयटीवाल्यांचं काम सोपं होतं. मला तरी ते मेल आवडायचे. उत्तर गोलमोल आलं तर वाइपचा प्रश्न पुन्हा विचारा, तेवढा सोडू नका. धोरणाचा कागद आला तर त्यात "डिव्हाइस", "पुसणे", "तपासणी", "जप्त" असे शब्द शोधा. काही करारांत चौकशी किंवा कोर्टाचं प्रकरण निघाल्यास वैयक्तिक फोन तपासायला द्यावा लागेल, असं कलम असतं. त्यावर सही करायची की नाही हा तुमचा प्रश्न, पण सही करताना ते कलम तिथे आहे हे माहीत असायला हवं.

वेगळा फोन मिळत असेल तर घ्या. खिशात दोन फोन बाळगणं त्रासाचं आहे, मान्य. पण संवेदनशील माहिती हाताळणाऱ्याने तो त्रास सोसावा असं माझं स्पष्ट मत आहे. रुग्णांच्या नोंदी, पगारपत्रकं, सर्व्हरचे पासवर्ड हे तुमच्या कामात येत असतील तर तुम्ही त्यातलेच.

पायरी २: जोडणीचा प्रकार ओळखा

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर निदान एवढा भाग वाचा. "ऑफिसचं ॲप टाकलं" या तीन शब्दांमागे चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

सर्वांत हलका प्रकार म्हणजे ॲपपुरती जोडणी. आउटलुक किंवा टीम्ससारखं ॲप तुम्ही नेहमीसारखं टाकता, ऑफिसच्या खात्याने लॉगिन करता, आणि कंपनीचे नियम त्या ॲपच्या आतच लागू होतात. ॲप उघडताना वेगळा पिन मागितला जातो. ऑफिसच्या मेलमधला मजकूर तुमच्या खासगी चॅटमध्ये पेस्ट होत नाही. कंपनीने पुसायचं ठरवलं तर त्या ॲपमधला ऑफिसचा डेटा जातो. बाकी फोनला ती हात लावू शकत नाही. नुसता मेल, कॅलेंडर आणि चॅट हवा असेल तर एवढं पुष्कळ आहे.

दुसरा प्रकार अँड्रॉइडचं वर्क प्रोफाइल. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइड ५.० पासून ही सोय आहे. फोनमध्ये ऑफिसचा वेगळा कप्पा तयार होतो. ॲपच्या यादीत "पर्सनल" आणि "वर्क" असे दोन टॅब दिसतात, आणि ऑफिसच्या ॲपच्या चिन्हावर छोटी ब्रीफकेस असते. एकाच फोनवर क्रोम दोनदा दिसेल, एक तुमचं आणि एक ब्रीफकेसवालं. घाबरू नका, ते बिघाडाचं लक्षण नाही. फोन तुमच्या मालकीचा आणि जोडणी वर्क प्रोफाइलची असेल, तर कंपनीला तुमच्या बाजूची ॲप्स, फोटो, मेसेज, ब्राउझिंग दिसत नाही. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, सुरक्षा अपडेट कधीचं आहे, स्क्रीन लॉक आहे की नाही, एवढं दिसतं. अँड्रॉइड १२ पासून तर अशा फोनचा आयएमईआय नंबरही (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) कंपनीच्या व्यवस्थापन यंत्रणेला मिळत नाही. आणि वाइपची आज्ञा आली तर फक्त ब्रीफकेसवाला कप्पा जातो.

आयफोनवर याच धर्तीचा प्रकार म्हणजे युजर एनरोलमेंट. तो २०१९ च्या आयओएस १३ सोबत आला. ऑफिसचा डेटा साठवणुकीच्या वेगळ्या, स्वतंत्रपणे एन्क्रिप्ट केलेल्या (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या) भागात राहतो आणि कंपनीचं ॲपल खातं तुमच्या खासगी ॲपल खात्यापासून वेगळं असतं. या जोडणीत कंपनीला संपूर्ण आयफोन पुसता येत नाही, तुमचा पासकोड काढून टाकता येत नाही, तुम्ही स्वतः टाकलेल्या ॲप्सची यादीही दिसत नाही.

तिसरा प्रकार संपूर्ण डिव्हाइसची नोंदणी. कंपनीने दिलेल्या फोनवर ही योग्यच आहे. स्वतःच्या फोनवर मात्र मी तिला नकार देण्याचाच सल्ला देईन. यात अख्खा फोन पुसण्याचा अधिकार कंपनीकडे जातो, आणि कंपनीच्या सेटिंगनुसार ॲप्सची यादीही तिला दिसू शकते.

चौथा प्रकार जुना, पण अजून भेटतो. फोनच्या साध्या मेल ॲपमध्ये ऑफिसचं एक्स्चेंज खातं (एक्स्चेंज म्हणजे मायक्रोसॉफ्टची ऑफिसच्या मेलची व्यवस्था) जोडायचं. त्या वेळी अँड्रॉइडवर "डिव्हाइस ॲडमिन ॲप सक्रिय करायचं का?" अशी पाटी येते आणि खाली परवानग्यांची यादी असते. त्या यादीतली पहिलीच ओळ बहुधा सर्व डेटा पुसण्याची असते. माझ्या सहकारी बाईंच्या फोनचा घात याच ओळीने केला. तुमच्या फोनवर ही पाटी आली तर तिथेच थांबा, स्क्रीनशॉट काढा आणि आयटीला विचारा की याऐवजी ॲपपुरती जोडणी किंवा वर्क प्रोफाइल देता येईल का. बहुतेक ठिकाणी देता येतं. कोणी मागितलेलं नसतं म्हणून जुनी पद्धत तशीच चालू असते.

आधीच काहीतरी जोडून बसला असाल आणि कोणता प्रकार आहे हे आठवत नसेल, तर अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या शोधपट्टीत "डिव्हाइस ॲडमिन" टाइप करा आणि यादीत कोण आहे ते पाहा. आयफोनवर सेटिंग्जमध्ये जनरल, आणि त्यात "व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट". तिथे कंपनीचं प्रोफाइल असेल तर त्यावर बोट ठेवा, त्याला कशाकशाचा अधिकार आहे ते लिहिलेलं सापडेल.

दोन गोष्टींकडे वेगळं लक्ष द्या. एक, कंपनीचं व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटची वाहतूक कंपनीच्या नेटवर्कमधून नेणारी खासगी वाट. ते वर्क प्रोफाइलच्या आत असेल तर फक्त ऑफिसची वाहतूक त्यातून जाते. अख्ख्या फोनला लावलं असेल तर तुमचं रात्रीचं ब्राउझिंगही कंपनीच्या नेटवर्कमधून जाऊ शकतं. दोन, रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणावर विश्वास ठेवायचा हे फोनला सांगणारं डिजिटल प्रमाणपत्र. "हे सर्टिफिकेट टाका म्हणजे ऑफिसच्या साइट उघडतील" असं सांगून एक फाइल दिली जाते. ते संपूर्ण फोनसाठी बसलं, तर कंपनीच्या नेटवर्कवर असताना ब्राउझरची सुरक्षित वाहतूकही उघडून तपासणं शक्य होतं. सर्टिफिकेट लागणारच असेल तर ते वर्क प्रोफाइलमध्येच बसवा.

पायरी ३: जोडण्याच्या आदल्या दिवशी फोन तयार करा

सगळ्यांत आधी बॅकअप. फोटो, चॅट, कॉन्टॅक्ट, नोट्स. बॅकअप घेतला असं वाटणं वेगळं आणि तो खरंच घेतला जाणं वेगळं, म्हणून दुसऱ्या उपकरणावरून लॉगिन करून कालचा फोटो तिथे दिसतोय का ते डोळ्यांनी बघा. ज्या एखाद-दोन गोष्टी गेल्या तर भरून येणार नाहीत, त्यांची एक प्रत फोनबाहेर, ड्राइव्हवर किंवा कॉम्प्युटरवर, ठेवा.

मग अपडेट. सेटिंग्जमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. फोनच्या कंपनीने त्या मॉडेलला अपडेट देणं बंद केलं असेल तर तो फोन कामासाठी वापरू नका, आणि ऑफिसला तसं सांगा. अनेक ठिकाणी जुन्या आवृत्तीच्या फोनला प्रवेशच नाकारला जातो.

स्क्रीन लॉक किमान सहा आकडी ठेवा. जन्मतारीख नको, गाडीचा नंबर नको. बोटाचा ठसा चालेल, पण त्यामागचा पिन कच्चा असेल तर ठशाला अर्थ नाही. घरात तुमचा पिन कोणाकोणाला माहीत आहे, याचाही विचार आत्ताच करा. गेम खेळायला फोन मागणाऱ्या मुलांना तो माहीत असेल, तर आज बदला. मुलांच्या हातून चुकून ऑफिसच्या ग्रुपवर गेलेले मेसेज मी पाहिले आहेत. मुलांची त्यात चूक नव्हती.

शेवटी डायलरवर *#०६# दाबून आयएमईआय नंबर बघा आणि तो फोनबाहेर कुठेतरी लिहून ठेवा. हे तुमच्यासाठी आहे, फोन हरवला तर लागेल.

पायरी ४: प्रत्यक्ष बसवताना

निवांत वेळ काढा. मीटिंग सुरू व्हायला पाच मिनिटं असताना हे काम करू नका, कारण घाईत प्रत्येक पाटी "मान्य" होते. मेलमध्ये आलेल्या लिंकवरून ॲप टाकू नका. ॲपचं नाव आयटीकडून पक्कं करून घ्या आणि फोनच्या अधिकृत स्टोअरमधून टाका. नव्याने रुजू झालेल्यांनाच "आयटी विभागाकडून" खोटे मेल पाठवले जातात, कारण खरा मेल कसा दिसतो हे त्यांना अजून ठाऊक नसतं.

प्रत्येक पाटीचा स्क्रीनशॉट घ्या. वर्क प्रोफाइल तयार होताना "या प्रोफाइलवर तुमच्या संस्थेचं नियंत्रण असेल" अशा अर्थाचं वाक्य येतं; त्यात प्रोफाइल म्हटलंय की डिव्हाइस म्हटलंय, हा एकच शब्द नीट वाचा. सगळा फरक त्या शब्दात आहे. लोकेशन, मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट या परवानग्या ॲपला खरंच लागतात का? फिरतीच्या कामात हजेरीच्या ॲपला लोकेशन लागेल, तेव्हा "फक्त ॲप वापरताना" हा पर्याय निवडा. "नेहमी" मागत असेल तर कामाच्या वेळेबाहेरही ते चालू राहणार का, हे लेखी विचारा.

झाल्यावर एक चाचणी करून बघा. ऑफिसच्या मेलमधलं एक वाक्य कॉपी करा आणि खासगी चॅटमध्ये पेस्ट करायला जा. पेस्ट झालं नाही तर भिंत उभी आहे असं समजा. पेस्ट झालं तर तुमच्या कंपनीने ती अडवणूक लावलेली नाही, आणि दोन्हीकडची सरमिसळ टाळण्याची जबाबदारी तुमच्या एकट्यावर येते.

पायरी ५: रोजच्या वापरातली सरमिसळ थांबवा

कप्पा कितीही पक्का असला तरी आपण स्वतःच वस्तू इकडून तिकडे नेतो, आणि नेण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे कॅमेरा. मीटिंग संपते, फळ्यावर सगळा हिशोब लिहिलेला असतो, कोणीतरी म्हणतं "फोटो काढून ठेव". तुम्ही नेहमीच्या कॅमेऱ्याने फोटो काढता. तो गॅलरीत जातो, तिथून आपोआप खासगी क्लाउडवर, आणि कुटुंबासोबत अल्बम शेअर केलेला असेल तर कदाचित घरच्या टीव्हीवरही. ग्राहकाचं नाव आणि रकमा दिवाणखान्यातल्या स्क्रीनवर फिरताना बघून हबकलेल्या माणसाचा फोन मी घेतलेला आहे. यावर उपाय आहेत. ऑफिसच्या चॅट ॲपमधलाच कॅमेरा वापरा, किंवा वर्क प्रोफाइलमधला. चुकून गॅलरीत गेलाच तर ऑफिसच्या जागी पाठवून लगेच पुसा, रिसायकल बिन आणि क्लाउडमधूनही.

दुसरी वाट व्हॉट्सॲपची. खूप ठिकाणी टीमचा ग्रुप तिथेच असतो आणि नवख्या माणसाला त्यातून बाहेर राहता येत नाही. निरोपानिरोपी ठीक आहे, पण फाइली, ग्राहकांची माहिती, किमती, मंजुरी हे तिथे नको. आर्थिक क्षेत्रात तर हा कायद्याचा मामला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने (तिथल्या शेअर बाजाराच्या नियामकाने) जे. पी. मॉर्गन सिक्युरिटीज या वित्तसंस्थेला १२.५ कोटी डॉलरचा दंड केला. कर्मचारी वैयक्तिक फोनवरचे मेसेज, व्हॉट्सॲप आणि खासगी मेल यांवर कामाचं बोलत होते आणि त्या संभाषणांच्या नोंदी जपलेल्या नव्हत्या, हे त्यामागचं कारण. साहेबांनी व्हॉट्सॲपवर काम सांगितलं तर "नोंद राहावी म्हणून ऑफिसच्या चॅटवर उत्तर देते" असं लिहून तिकडे जा. दोन-चार वेळा केलं की समोरच्यालाही सवय लागते. आणि त्या ग्रुपची "मीडिया व्हिजिबिलिटी" बंद करा, म्हणजे तिथले फोटो तुमच्या गॅलरीत येणार नाहीत.

पासवर्डचं मात्र कडक पाळा. ऑफिसचा पासवर्ड खासगी गूगल खात्यात सेव्ह करू नका. ब्राउझर विचारतो, आपण हो म्हणतो, आणि तो पासवर्ड तुमचं खातं जिथे जिथे उघडं आहे तिथे पोचतो. ओळख-पडताळणीच्या क्षेत्रातलीच कंपनी असलेल्या ओक्टाला २०२३ मध्ये हे भोवलं. त्यांच्या एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवर क्रोममध्ये आपलं खासगी गूगल प्रोफाइल उघडलं होतं आणि एका सर्व्हिस खात्याचं (माणसाऐवजी यंत्रणेच्या वापरासाठी असलेल्या खात्याचं) नाव व पासवर्ड त्या खासगी खात्यात सेव्ह झाले होते. ते खासगी खातं किंवा खासगी उपकरण फुटून पासवर्ड बाहेर गेला असण्याची शक्यता सर्वाधिक, असं कंपनीनेच सांगितलं. १३४ ग्राहकांच्या फाइलींपर्यंत हल्लेखोर पोचले. तेव्हा ऑफिससाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल करा, त्याला वेगळा रंग द्या, आणि पासवर्ड कंपनीने दिलेल्या पासवर्ड मॅनेजरमध्येच ठेवा.

स्क्रीन शेअर करताना अख्खी स्क्रीन न दाखवता एकच विंडो किंवा ॲप दाखवा. तेवढी सवय लावली तरी बऱ्याच जणांची लाज वाचेल.

पायरी ६: लॅपटॉपही स्वतःचाच असेल तर

फोनमध्ये कप्पे आयते मिळतात. लॅपटॉपवर ते आपल्याला करावे लागतात. कामासाठी वेगळं युजर खातं उघडा, आणि त्याला ॲडमिनचे अधिकार देऊ नका. डिस्क एन्क्रिप्ट करा. मॅकवर फाइलव्हॉल्ट, विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यावर असाल तर आधी आवृत्तीचा प्रश्न सोडवा.

विंडोजवर वर्डमध्ये किंवा टीम्समध्ये ऑफिसच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की एक छोटी खिडकी येते: सर्व ॲप्समध्ये साइन-इन राहायचं का, आणि संस्थेला माझं डिव्हाइस मॅनेज करू द्यायचं का. ही खूण अनेकदा आधीच टिक केलेली असते. ती काढा, आणि "फक्त या ॲपमध्ये साइन-इन" हा पर्याय निवडा. खूण तशीच ठेवून पुढे गेलात तर लॅपटॉप कंपनीच्या व्यवस्थापनाखाली जाऊ शकतो. डिस्कची रिकव्हरी की, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली डिस्क उघडण्याची राखीव किल्ली, कंपनीच्या खात्यात साठवली जाण्याचीही शक्यता असते. नोकरी सुटल्यावर कधी ती की मागितली गेली, तर स्वतःच्या लॅपटॉपसमोर हात चोळत बसायची वेळ येते. की कुठे साठवली आहे ते आत्ताच बघा आणि एक प्रत छापून ठेवा.

घरच्या मशीनवर कामाशी संबंध नसलेलं जे सॉफ्टवेअर असतं तेच कधीकधी दार उघडतं. पासवर्ड सांभाळणारी कंपनी लास्टपास हिच्यावर २०२२ मध्ये हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांनी कंपनीचं कार्यालय सोडून एका वरिष्ठ अभियंत्याचा घरचा कॉम्प्युटर गाठला. त्यावरच्या एका मीडिया सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीतून ते आत शिरले, कीबोर्डवर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम बसवला आणि मास्टर पासवर्ड मिळवला. बॅकअपच्या किल्ल्यांपर्यंत पोच असलेल्या चार जणांपैकी तो एक होता. सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी ती त्रुटी २०२० मध्येच दुरुस्त केलेली होती, पण ते अपडेट त्या कॉम्प्युटरवर गेलंच नव्हतं. म्हणून कामाच्या लॅपटॉपवरचे जुने, न लागणारे प्रोग्रॅम सरळ काढून टाका.

पायरी ७: खर्च आणि वेळ

डेटा पॅक, कॉल, झिजलेली बॅटरी यांची भरपाई मिळते का, ते पहिल्या महिन्यातच विचारा. नंतर विचारणं अवघड जातं. हा हक्क काही ठिकाणी कायद्याने आहे: कॅलिफोर्नियात २०१४ च्या एका अपील निकालाने ठरवलं की कामासाठी खासगी मोबाईल वापरणं सक्तीचं असेल, तर बिलाचा वाजवी हिस्सा मालकाने द्यायला हवा, पॅक अमर्याद असला तरीही. तुमच्याकडचा नियम तपासा.

वेळेचं म्हणाल, तर वर्क प्रोफाइलमधली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे "वर्क" टॅबखालचं थांबवण्याचं बटण. ते दाबलं की ब्रीफकेसवाली सगळी ॲप्स राखाडी होतात आणि सूचना येणं बंद होतं. वेळापत्रकही लावता येतं. आयफोनवर फोकस मोडने असंच करता येतं. पहिल्या दिवसापासून लावा. फ्रान्समध्ये तर कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७ पासून कायद्यात आहे. ज्यांना रात्री फोन लागू शकतो अशी जबाबदारी असेल, त्यांनी फोन कॉल चालू ठेवावा आणि बाकीचं बंद करावं.

पायरी ८: फोन हरवला, किंवा दुरुस्तीला द्यायचा आहे

हरवला तर क्रम हा: दुसऱ्या उपकरणावरून गूगलच्या किंवा ॲपलच्या फोन शोधण्याच्या सेवेत जाऊन फोन "हरवला" म्हणून लॉक करा, लगेच आयटीला कळवा, सिम बंद करा, मग पोलिसात नोंद. सिम लगेच बंद करायचं कारण ओटीपी. आयटीला कळवायला लोक कचरतात, "सापडेल थोड्या वेळात" म्हणून रात्र घालवतात. तक्रार आलेल्या पहिल्या तासात आम्हाला पुष्कळ काही करता येतं; दुसऱ्या दिवशी दुपारी फारसं उरत नाही. फोन सापडला तर सगळं पुन्हा जोडता येतं, कोणी रागावत नाही. रागावलं तरी कळवा.

दुरुस्तीला देताना पिन सांगू नका. गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये रिपेअर मोड आणि सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड असतो. तो लावला की दुरुस्ती करणाऱ्याला तुमचा डेटा दिसत नाही. ती सोय नसेल तर आयटीला सांगून वर्क प्रोफाइल काढा, दुरुस्ती झाल्यावर पुन्हा बसवा. अर्ध्या तासाचं काम आहे.

नवा फोन घेताना ओटीपी बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप विसरू नका. जुना फोन रीसेट करण्याआधी ते नव्यावर चालतंय याची खात्री करा. माझ्या टेबलावर सोमवारी सकाळी येणाऱ्या तक्रारींत हीच सर्वांत जास्त असायची.

पायरी ९: नोकरी सोडताना

राजीनामा देण्याच्या आधीच्या आठवड्यात, नंतर नाही, तुमचं स्वतःचं जे काही ऑफिसच्या कप्प्यात अडकलं असेल ते रीतसर बाहेर काढा: पगाराच्या स्लिपा, कराचे कागद, नेमणुकीची पत्रं. काही ठिकाणी राजीनाम्याच्या दिवशीच प्रवेश बंद होतो, आणि वर्क प्रोफाइलचा डेटा तुमच्या खासगी बॅकअपमध्ये येत नाही, त्यामुळे एकदा गेला की गेला. कंपनीचे कागद, ग्राहकांचे नंबर, कोड यातलं काहीही सोबत नेऊ नका. संशय आला तर विचारून न्या.

मग उलटी बाजू तपासा. कंपनीच्या कुठल्या खात्यांना तुमचा खासगी नंबर किंवा मेल रिकव्हरीसाठी दिला आहे? सोशल मीडियाची पानं, डोमेन, पेमेंटची खाती यात हे हमखास सापडतं. यादी करा, आयटीला द्या, प्रत्येक ठिकाणी बदलून घ्या. नाहीतर दोन वर्षांनी मध्यरात्री तुमच्या फोनवर परक्या कंपनीचा ओटीपी येतो आणि काही गडबड झाली तर पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जातो.

शेवटच्या दिवशी फोनचा पूर्ण बॅकअप घ्या, आणि आयटीच्या माणसासमोर बसून वर्क प्रोफाइल तुम्ही स्वतः काढा. त्याने सर्व्हरवरून आज्ञा पाठवण्याची वाट बघू नका. अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या खात्यांच्या पानावर, आयफोनवर त्याच "व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट"मध्ये काढण्याचा पर्याय असतो. ब्रीफकेसची चिन्हं नाहीशी झाली, कंपनीचं सर्टिफिकेट आणि व्हीपीएन गेलं, डिव्हाइस ॲडमिनच्या यादीतून नाव उतरलं, हे तिथेच बघून घ्या. त्यानंतर आयटीला सांगा की त्यांच्या यादीतूनही तुमचा फोन काढा, आणि "हे उपकरण आमच्या व्यवस्थेतून वगळलं आहे, यापुढे त्यावर कोणतीही आज्ञा पाठवली जाणार नाही" एवढं तुमच्या खासगी मेलवर लिहून मागा. त्या बाईंच्या प्रसंगानंतर मी हा मेल प्रत्येकाला न मागता पाठवत असे.